क्रिमिनल जस्टिसची पदवी: आधी पगाराची पायरी बघा, मग कॉलेजची फी

अमेरिकेतल्या पोलीस खात्याच्या पगारपत्रकावर कॉलेजचं नाव नसतं. एकाच तुकडीत भरती झालेल्या दोघांपैकी एकाने शहराच्या सरकारी कॉलेजात वर्षाला सात हजार डॉलर भरलेले असोत आणि दुसऱ्याने खासगी विद्यापीठात पन्नास हजार, पहिला चेक दोघांना सारखाच मिळतो. पाचव्या वर्षीचाही सारखाच मिळतो, कारण तो युनियनच्या करारातल्या पायऱ्यांनी आधीच ठरलेला असतो. तुरुंग खातं, कोर्टाचे अधिकारी, प्रोबेशन ऑफिसर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारे), सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं. फायनान्समध्ये किंवा कॉम्प्युटर सायन्समध्ये मोठ्या नावाच्या कॉलेजचा उपयोग होतो असं म्हणायला जागा असते. क्रिमिनल जस्टिसमध्ये, म्हणजे गुन्हे, पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांच्या अभ्यासात, ती जवळजवळ नाही. म्हणजे ही पदवी निवडताना पगाराचा आकडा तुमच्या हातात नाही, कर्जाचा आहे.

हे लिहायचं कारण असं की न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्नियात वाढलेली मराठी मुलं-मुली आता हा विषय घेऊ म्हणतात, आणि घरी दोनच उत्तरं ऐकू येतात. एक तर "हे कसलं शिक्षण, कॉम्प्युटरला जा" किंवा "तुझी हौस आहे ना, मग घे, कॉलेज कुठलंही असो." दोन्ही उत्तरं हिशेब करण्याआधीच दिलेली असतात. काम चांगलं आहे, सन्मानाचं आहे, निवृत्तीवेतनाचं आहे. त्यासाठी लाखभर डॉलरचं कर्ज काढणं मात्र चूक आहे, आणि ते टाळता येतं. कसं, ते आता क्रमाने पाहू.

पहिली पायरी: पदवीचं नाव बाजूला ठेवा, नोकरीचं नाव लिहा

मुलाला किंवा मुलीला कागदावर दोन-तीन नोकऱ्या लिहायला सांगा. "क्राइमशी संबंधित काहीतरी" हे उत्तर चालणार नाही. पोलीस अधिकारी, प्रोबेशन ऑफिसर, एफबीआय एजंट, फॉरेन्सिक लॅबमधला तंत्रज्ञ, सरकारी वकील, असं नेमकं लिहायचं. मग प्रत्येक नोकरीपुढे प्रश्न: इथे ही पदवी लागते का?

बहुतेक ठिकाणी उत्तर "नाही" असं येतं आणि पालक चकित होतात. अनेक पोलीस खात्यांत हायस्कूल डिप्लोमा पुरतो, काहींना थोडे कॉलेज क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या कोर्सेसची एककं, लागतात. न्यू यॉर्क शहराच्या पोलीस खात्याने ही अट २०२५ च्या फेब्रुवारीत ६० क्रेडिटवरून २४ वर आणली. तुरुंगातल्या राज्य आणि काउंटी (जिल्हा) पातळीवरच्या बहुतेक नोकऱ्यांना हायस्कूल पुरतं. प्रोबेशन ऑफिसरला मात्र साधारणपणे चार वर्षांची पदवी लागते, आणि तिथे क्रिमिनल जस्टिसइतकंच सोशल वर्क किंवा सायकॉलॉजीही चालतं. एफबीआयच्या स्पेशल एजंटला पदवी लागते, पण कुठल्याही विषयाची. वय किमान २३, आणि वर साधारण दोन वर्षांचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव. अकाउंटिंग, कॉम्प्युटर, परकीय भाषा, विज्ञान शिकलेले उमेदवार त्यांना हवे असतात, कारण आजचे मोठे गुन्हे बँकेच्या खात्यांत आणि सर्व्हरवर घडतात.

फॉरेन्सिक लॅबबद्दल तर फारच गैरसमज आहेत. टीव्हीवर पाहून लॅबमध्ये जायचं ठरवलेल्या मुलाने क्रिमिनल जस्टिस घेतलं, तर चार वर्षांनी लॅबचं दार बंद असतं. तिथे केमिस्ट्री, बायॉलॉजी किंवा पक्क्या विज्ञानावर उभी असलेली फॉरेन्सिक सायन्सची पदवी मागतात. डीएनए तपासणाऱ्या तज्ज्ञाला एफबीआयच्या गुणवत्ता मानकांनुसार बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स आणि मॉलिक्युलर बायॉलॉजीचे कोर्स केलेले असावे लागतात. स्टॅटिस्टिक्सही शिकलेलं असावं लागतं. क्रिमिनल जस्टिसच्या अभ्यासक्रमात यातलं जवळजवळ काही नसतं.

वकील व्हायचं असेल तर लॉ स्कूल पदवीचा विषय बघत नाही, गुण आणि प्रवेशपरीक्षा बघतं. तिथला खर्च पुढे येतोच, म्हणून या वाटेवरच्या मुलांनी पदवीसाठी कर्ज काढताना सगळ्यात जास्त हात आखडता घ्यावा.

हा कागद भरून झाला की कधीकधी विषयच बदलतो. अकाउंटिंगमध्ये मेजर (मुख्य विषय) आणि क्रिमिनल जस्टिसमध्ये मायनर (दुय्यम विषय) हा पर्याय मला मनापासून आवडतो. पोलिसात जायचं ठरलं तरी दार उघडं राहतं, आणि गुडघा दुखावला, मन बदललं, तरी पोटापाण्याचा दुसरा रस्ता शिल्लक राहतो.

दुसरी पायरी: दारावरच्या अटी फी भरण्याआधी वाचा

सगळ्यात पहिली अट नागरिकत्वाची. न्यू यॉर्कसह बहुतेक मोठ्या पोलीस खात्यांना नियुक्तीच्या वेळी अमेरिकन नागरिकत्व लागतं. केंद्र सरकारच्या जवळजवळ सगळ्या तपास यंत्रणांनाही लागतं. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ पासून आणि इलिनॉयने जानेवारी २०२४ पासून, काम करण्याची कायदेशीर परवानगी असलेल्यांना पोलीस होण्याची मुभा दिली, पण देशभर पाहिलं तर हे अपवादच आहेत.

आपल्या लोकांसाठी हा मुद्दा फार मोठा आहे. आईवडील नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, ग्रीन कार्डची (कायम वास्तव्याच्या परवान्याची) रांग वर्षानुवर्षं लांबलेली आणि मूल कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसावर, अशी कितीतरी घरं आहेत. एच-४ वरच्या मुलाला केंद्राची शिक्षणमदत मिळत नाही, आणि २१ व्या वर्षी तो दर्जाही संपतो. पदवी हातात पडेल तेव्हा त्या मुलाला पोलिसात, तुरुंग खात्यात किंवा एफबीआयमध्ये अर्जसुद्धा करता येणार नसेल, तर फक्त क्रिमिनल जस्टिस घेऊ देणं धोक्याचं आहे. मुलाची आवड खरी असली तरी कागदपत्रं हातात येईपर्यंत दुसरा मेजर धरावा. ग्रीन कार्ड मिळालेलं असेल तर केंद्राची मदत मिळते आणि नागरिकत्वाचं वेळापत्रक मांडता येतं.

दुसरी अट चारित्र्यपडताळणीची. ड्रग्ज, जुने गुन्हे, सोशल मीडिया हे सगळे तपासतात. आर्थिक वागणूकही तपासतात, हे मात्र घरात कुणाला माहीत नसतं. पोलीस खाती क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीची नोंद, मागवतात, आणि केंद्राच्या सुरक्षा मंजुरीत आर्थिक स्थिती हा स्वतंत्र निकष आहे. एफबीआयने उमेदवाराला थेट बाद करणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे, आणि सरकारी हमीचं विद्यार्थीकर्ज थकवणं त्या यादीत आहे. ज्या नोकरीसाठी कर्ज काढलं, तीच नोकरी ते कर्ज थकल्यामुळे हातची जाते. मी कर्जाच्या रकमेवर इतका अडून बसतो, त्यामागे हे मोठं कारण आहे.

वय, दृष्टी, शारीरिक चाचणी, राज्यात वास्तव्याची अट हे सगळं खात्याच्या संकेतस्थळावर असतं. तासाभराचं काम आहे. मुलानेच ते करावं.

तिसरी पायरी: पगार शोधा, सरासरीवर थांबू नका

केंद्रीय श्रम सांख्यिकी विभागाचे मे २०२४ चे मध्यक पगार असे आहेत. मध्यक म्हणजे अर्ध्या लोकांना याहून जास्त आणि अर्ध्यांना याहून कमी. पोलीस आणि डिटेक्टिव्ह ७७,२७० डॉलर, फॉरेन्सिक तंत्रज्ञ ६७,४४०, प्रोबेशन ऑफिसर ६४,५२०, वकिलाच्या हाताखालचे पॅरालीगल ६१,०१०, तुरुंग अधिकारी आणि कोर्टातले बेलिफ ५७,९५०. तुलनेसाठी, माहिती सुरक्षेचे विश्लेषक १,२४,९१०.

या आकड्यांत वीस-वीस वर्षं नोकरी केलेले लोकही धरलेले आहेत. बावीस वर्षांच्या मुलाला ७७ हजार मिळतील असं गृहीत धरून कर्ज काढलं तर गणित पहिल्याच वर्षी चुकतं. आणि राज्याराज्यांत अंतर प्रचंड आहे: कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीतला पोलीस आणि मिसिसिपीतला पोलीस यांच्या पगारात दुपटीच्या आसपास फरक पडू शकतो.

म्हणून खात्याचा करार उघडा. न्यू जर्सीत सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या युनियनचे करार राज्याच्या रोजगार संबंध आयोगाच्या, म्हणजे पर्कच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. तुमच्या गावच्या पोलिसांचा करार शोधा आणि शेवटी जोडलेला पगाराचा तक्ता बघा. अकादमीत असताना किती, पहिल्या पायरीला किती, शेवटच्या पायरीला पोहोचायला किती वर्षं. न्यू यॉर्क शहरात सुरुवात ६० हजारांच्या आसपास होते आणि साडेपाच वर्षांनी भत्ते धरून लाखाच्या वर जाते. त्याच तक्त्याच्या आसपास पदवीबद्दलचं कलमही सापडतं. काही खाती पदवीसाठी वर्षाला थोडा भत्ता देतात, काही नोकरीत असताना शिकण्याची फी परत देतात. फी परत देणारं खातं असेल, तर "आधी नोकरी, मग पदवी" हा मार्ग लाजेचा नाही. आपल्याकडे पदवी अर्धवट राहिली की नातेवाईक विचारत सुटतात, पण खात्याच्या पैशाने तिशीत घेतलेली पदवीही पदवीच असते.

पगाराबरोबर निवृत्तीवेतनही धरा. बऱ्याच राज्यांत पोलिसांना २० ते २५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन मिळतं, आणि आरोग्यविमा खासगी नोकरीपेक्षा भक्कम असतो. कॉलेजांची तुलना करणाऱ्या कुठल्याच तक्त्यात हा भाग दिसत नाही. प्रोबेशन ऑफिसरचे ६४ हजार आणि खासगी सिक्युरिटी कंपनीतल्या मॅनेजरचे ६४ हजार एकाच वजनाचे नसतात.

चौथी पायरी: कॉलेज स्कोअरकार्ड नीट वाचा

केंद्राच्या शिक्षण विभागाचं कॉलेज स्कोअरकार्ड फुकट आहे आणि या कामाला सर्वांत उपयोगी. कॉलेजचं नाव टाका आणि तिथून अभ्यासशाखेपर्यंत जा. संपूर्ण कॉलेजचा सरासरी पगार बघू नका. त्यात नर्सिंग आणि इंजिनिअरिंगची मुलं मिसळलेली असतात. "क्रिमिनल जस्टिस अँड करेक्शन्स" अशी शाखा निवडली की त्या शाखेच्या पदवीधरांची कमाई आणि कर्ज दिसतं. क्रिमिनॉलॉजीची नोंद मात्र वेगळ्या गटात, समाजशास्त्रांखाली असते. एखादं कॉलेज एका यादीत सापडलं नाही तर दुसऱ्या यादीत शोधा.

या आकड्यांच्या मर्यादाही लक्षात ठेवा. कमाईत फक्त केंद्राची मदत घेतलेले विद्यार्थी मोजलेले असतात. कर्जाच्या मुख्य आकड्यात विद्यार्थ्याच्या नावावरचं केंद्रीय कर्जच येतं. पालकांचं पॅरेंट प्लस कर्ज वेगळं दाखवतात आणि खासगी बँकेचं कर्ज तर दिसतच नाही. स्कोअरकार्डवर २४ हजार कर्ज दिसतं, आणि प्रत्यक्षात त्या घरावर ७० हजार असू शकतं. शिवाय शाखेच्या आकड्यांत पदवी पूर्ण केलेलेच येतात. मध्येच सोडून गेलेल्यांकडे कर्ज असतं, पदवी नसते. म्हणून किती टक्के मुलं पदवी पूर्ण करतात तो आकडा शेजारी लिहा. तो पन्नास टक्क्यांच्या खाली असेल, तर कॉलेजने त्याचं कारण पटवून द्यावं.

एक नवा निकषही आला आहे. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार, ज्या पदवी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी त्याच राज्यातल्या फक्त हायस्कूल शिकलेल्या २५ ते ३४ वयाच्या नोकरदारांपेक्षाही कमी कमावतात, त्या अभ्यासक्रमाचं केंद्रीय कर्ज बंद होऊ शकतं. तीनपैकी दोन वर्षं निकष चुकला की ही कारवाई. तुमच्या यादीतला अभ्यासक्रम या रेषेच्या जवळपास घुटमळत असेल, तर सरकार काय करतं याची वाट न पाहता तो यादीतून काढा.

पाचवी पायरी: छापील फी विसरा, उरणारी किंमत काढा

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. कायद्याने तो २०११ पासून बंधनकारक आहे. उत्पन्न, घरातली माणसं, बचत भरली की मदत वजा जाऊन वर्षाला किती पडेल याचा अंदाज मिळतो. केंद्राच्या शिक्षणमदतीचा फाफ्सा अर्ज साधारण १ ऑक्टोबरला खुला होतो. "आमचं उत्पन्न जास्त, आम्हाला काय मिळणार" म्हणून तो टाळू नका. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची केंद्राची मदत, कमी उत्पन्नावर मिळते, २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. पण विद्यार्थ्याच्या नावावरचं साधं केंद्रीय कर्ज उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, आणि त्यासाठी हाच अर्ज लागतो.

उदाहरण म्हणून मॅनहॅटनचं जॉन जे कॉलेज ऑफ क्रिमिनल जस्टिस घ्या. १९६४ मध्ये पोलिसांच्या शिक्षणासाठी सुरू झालेलं, न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचं हे कॉलेज या विषयात देशभर ओळखलं जातं. न्यू यॉर्क राज्याच्या रहिवाशाला तिथली शिकण्याची फी वर्षाला ६,९३० डॉलर पडते. हडसन नदीच्या अलीकडे, जर्सी सिटीत राहणाऱ्या मुलाला ती प्रत्येक क्रेडिटला ६२० डॉलरने, म्हणजे ३० क्रेडिटच्या वर्षाला १८,६०० पडते. विषय आणि वर्ग तेच, फक्त पत्ता वेगळा. या रकमेत न्यू जर्सीच्या सरकारी रटगर्स विद्यापीठात, घरी राहून, तोच विषय होतो.

न्यू जर्सीकरांसाठी मला सगळ्यात शहाणा वाटणारा मार्ग काउंटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजचा आहे. दोन वर्षं तिथे, पुढची दोन वर्षं सरकारी विद्यापीठात. फी रटगर्सच्या निम्म्याहूनही कमी, मूल घरी जेवतं, आणि शेवटी पदवीवर विद्यापीठाचंच नाव येतं. न्यू जर्सीत राज्यभर लागू असलेल्या करारामुळे एए आणि एएस या दोन वर्षांच्या असोसिएट पदव्यांचे क्रेडिट सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात पूर्ण धरले जातात. इथे एकच खाचखळगा आहे, पण मोठा. अनेक काउंटी कॉलेजांत क्रिमिनल जस्टिस दोन प्रकारांत असतं, एएस आणि एएएस. दुसरा प्रकार थेट नोकरीसाठी बेतलेला, आणि त्याचे सगळे क्रेडिट पुढे जातीलच असं नाही. एका अक्षराने वर्षभराची फी बुडू शकते. प्रवेश घेताना "ट्रान्स्फरसाठी कुठला?" एवढंच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

आपल्या समाजात कम्युनिटी कॉलेज म्हटलं की तोंडं बारीक होतात. मंडळाच्या गणेशोत्सवात मुलाचं कॉलेज सांगायची वेळ येते, आणि त्या पाच मिनिटांसाठी घरं चाळीस-पन्नास हजार डॉलर जास्त भरतात. मला हे फार वाईट वाटतं. खात्याच्या भरतीत त्या नावाला काडीची किंमत नसते, आणि हप्ता मात्र मुलाला भरावा लागतो.

मान्यता तपासा: वेस्टवूडचं काय झालं

वेस्टवूड कॉलेज ही नफ्यासाठी चालणारी साखळी होती. इलिनॉय राज्याच्या अॅटर्नी जनरलने २०१२ मध्ये तिच्यावर खटला भरला. आरोप असा की क्रिमिनल जस्टिसच्या विद्यार्थ्यांना राज्य पोलीस आणि शिकागो पोलिसात नोकऱ्या मिळतील असं भासवलं गेलं, पण कॉलेजची मान्यता प्रादेशिक (त्या भागातल्या मान्यता आयोगाची) नसल्यामुळे तिथे ती पदवी धरलीच जात नव्हती. क्रेडिट दुसऱ्या कॉलेजातही नेता येत नव्हते. २०१५ मध्ये तडजोड होऊन दीड कोटी डॉलरची खासगी कर्जं माफ झाली, २०१६ मध्ये कॉलेज बंद पडलं, आणि २०२२ मध्ये केंद्राने सुमारे ७९ हजार विद्यार्थ्यांचं दीड अब्ज डॉलरचं कर्ज रद्द केलं. या मुलांनी अभ्यास केला होता, परीक्षा दिल्या होत्या. माफी हातात पडेपर्यंत त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली.

म्हणून ऑनलाइन जाहिरात पाहून कुठेही नाव घालण्याआधी मान्यता कुणाची आहे ते बघा. ईशान्येकडच्या राज्यांत मिडल स्टेट्स आयोग, शिकागोच्या बाजूला हायर लर्निंग कमिशन अशा संस्थांची मान्यता असेल तर क्रेडिट पुढे नेणं सोपं जातं. मग ज्या खात्यात जायचं आहे तिथल्या भरती अधिकाऱ्याला फोन करून विचारा: या कॉलेजची पदवी तुम्ही धरता का? कॉलेजचा प्रवेश सल्लागार यावर काय म्हणतो याला महत्त्व देऊ नका.

सहावी पायरी: कर्जाची लक्ष्मणरेषा

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर केंद्रीय कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दोन वर्षं ७,५०० मिळतं. चार वर्षांचे झाले २७,००० डॉलर. या पदवीसाठी माझी रेषा हीच. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराहून जास्त नको, हा नियम इतर विषयांना ठीक आहे. इथे सुरुवातीच्या पायऱ्या खालच्या असतात, म्हणून मी निम्म्यावर थांबतो. ५५-६० हजारांच्या सुरुवातीला २७ हजार.

२०२५-२६ च्या दराने, म्हणजे ६.३९ टक्क्यांनी, २७ हजारांचा दहा वर्षांचा हप्ता महिना साधारण ३०५ डॉलर बसतो. ६० हजारांच्या पगारात कर आणि पेन्शनची कपात जाऊन हातात चार हजारांच्या आसपास येतात, त्यातून ३०५ निघतात. नव्या कायद्याप्रमाणे १ जुलै २०२६ नंतरच्या कर्जांना रकमेनुसार मुदत लागते. २५ ते ५० हजारांच्या कर्जाला १५ वर्षं. मग हप्ता २३४ वर येतो, पण एकूण परतफेड ३६,६०० ऐवजी ४२,००० होते. परवडेल तेव्हा जास्त भरून ते लवकर संपवावं. आधी फेडण्याला दंड नाही.

आता पॅरेंट प्लस. हे आईवडिलांच्या नावावरचं कर्ज. २०२५-२६ चा दर ८.९४ टक्के, वर चार टक्क्यांहून जास्त शुल्क आधीच कापून घेतात. नव्या कायद्याने त्याला प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा घातली आहे, आधीपासून कर्ज चालू असलेल्यांना काही काळ सवलत देऊन. समजा पूर्ण ६५ हजार घेतले. या रकमेला वीस वर्षांची मुदत: हप्ता ५८२, आणि शेवटी भरलेले एकूण जवळपास १ लाख ४० हजार. पन्नाशीतल्या आईवडिलांनी सत्तरीपर्यंत हा हप्ता भरायचा, अशा पदवीसाठी जिच्याशिवायही बहुतेक ठिकाणी तीच नोकरी आणि जवळजवळ तोच पगार मिळतो. खासगी बँकेचं कर्ज याहून कठीण, कारण तिथे पालक सहकर्जदार असतात आणि अडचणीत मिळणाऱ्या सरकारी सवलती नसतात.

"सरकारी नोकरी आहे, दहा वर्षांनी माफ होईल" हे वाक्य कॉलेज मेळाव्यात नक्की ऐकाल. योजना खरी आहे, २००७ पासूनची. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी आणि १२० पात्र हप्ते झाले की उरलेलं केंद्रीय कर्ज माफ. पोलीस, प्रोबेशन, सरकारी वकील सगळे बसतात. खासगी सिक्युरिटी आणि खासगी तुरुंग चालवणाऱ्या कंपन्या बसत नाहीत. पण विद्यार्थ्याच्या नावावर २७ हजारच असतील, तर पगार पायऱ्यांनी वाढत गेल्यावर उत्पन्नानुसारच्या हप्त्यांनी ते दहा वर्षांत बहुतांशी फिटलेले असतात, माफ व्हायला फारसं उरत नाही. मोठं ओझं असतं ते खासगी कर्जाचं आणि पॅरेंट प्लसचं. खासगी कर्ज या योजनेत येतच नाही. पॅरेंट प्लसमध्ये नोकरी पालकांची बघतात, मुलाची नाही. मूल पोलिसात आहे म्हणून वडिलांचं कर्ज माफ होत नाही. शिवाय १ जुलै २०२६ नंतरच्या पॅरेंट प्लसला उत्पन्नानुसार हप्त्याची सोयही नाही.

लॉ स्कूलच्या वाटेवरच्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं केंद्राचं ग्रॅड प्लस कर्ज नव्या विद्यार्थ्यांना १ जुलै २०२६ पासून बंद. कायद्याच्या शिक्षणाला केंद्रीय कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाखांपर्यंतच. महागड्या लॉ स्कूलला ते पुरत नाही. पदवीत वाचवलेला प्रत्येक डॉलर तिथे लागणार आहे.

महाराष्ट्रातून एफ-१ विद्यार्थी व्हिसावर येऊ पाहणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईहून क्रिमिनल जस्टिस किंवा क्रिमिनॉलॉजीत मास्टर्स करायला येण्याचा विचार असेल तर स्पष्टच सांगतो: नोकरी हा हेतू असेल तर येऊ नका. पोलीस आणि केंद्रीय यंत्रणा तुम्हाला जवळजवळ बंद आहेत. केंद्राची शिक्षणमदत नाही. शिक्षणानंतर कामाची परवानगी वर्षभराची, आणि ती आणखी दोन वर्षं वाढवून देणाऱ्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत क्रिमिनल जस्टिसचे सर्वसाधारण अभ्यासक्रम नाहीत. फॉरेन्सिक सायन्स आणि सायबर फॉरेन्सिक आहेत. म्हणून आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या प्रवेशपत्रावर) अभ्यासक्रमाचा कोड काय छापून येणार हे प्रवेश घेण्याआधी विचारा. विभागाच्या नावावरून ते कळत नाही.

परत येऊन पोलिसात जायचं असेल तर एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक व्हायला कुठल्याही शाखेची पदवी चालते. त्यासाठी डॉलरमध्ये शिकून घर गहाण ठेवायचं कारण नाही. फॉरेन्सिकची ओढ असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, आणि गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं केंद्र गोव्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ जाणं सक्तीचं केलं, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली. खासगी कॉलेजं आता याच कलमाची जाहिरात करतील. कायद्यातली सक्ती आणि भरतीची निघालेली जाहिरात यांत अंतर असतं. आपल्या राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांच्या मागच्या भरतीत किती जागा होत्या आणि शैक्षणिक अट काय होती, ते बघून मगच फी भरा.

१ मे च्या आधी

अमेरिकेत बहुतेक कॉलेजांना १ मे पर्यंत होकार कळवायचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये मदतीची पत्रं येतात, आणि त्यांत ग्रँट, कॅम्पसवरची नोकरी आणि कर्ज एकाच यादीत "मदत" म्हणून मांडलेलं असतं. पत्र हातात आलं की कर्जाच्या ओळी लाल पेनाने खोडा, कामाच्या पैशाची ओळही खोडा, कारण ते कमवावे लागतात. उरलेली ग्रँट एकूण खर्चातून वजा करा आणि चारने गुणा, फी दरवर्षी थोडी वाढेल हे धरून.

आकडा परवडत नसेल तर मदत कार्यालयाला पत्र लिहा. नोकरी गेली, आजारपण आलं, भारतातल्या आईवडिलांचा खर्च आहे, हे कागदपत्रांसह मांडलं तर पुनर्विचाराचा अधिकार त्यांना असतो. दुसऱ्या कॉलेजचं जास्त मदतीचं पत्र सोबत जोडा. पत्र मुलानेच लिहावं, पालकांनी वाचून द्यावं. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा, आणि दरम्यान काउंटी कॉलेजचा अर्जही भरून ठेवा; तिथे प्रवेश ऑगस्टपर्यंत मिळतो.